आधी धडधाकटाला आडवं करणारी

फौजदारीण ज्या घरात कामाला जाई, तिथे पहिल्या दिवशी आजारी माणसाला हातसुद्धा लावत नसे. घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला ती आधी खाटेवर आडवं करी. आमच्याकडे तो मान मला मिळाला. माझं वजन ब्याण्णव किलो. धंदा लग्नांत माइकवर बोलण्याचा, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी नवरदेवाची घोडी माझ्या एका हाकेत मांडवाकडे तोंड करते. त्या मला, पाच फुटांना दोन बोटं कमी असलेली ही साठीची बाई म्हणाली, "झोप इथं. हात पोटावर. आता तुला कायबी करता येत नाय, असं समज."

मी हसत हसत झोपलो. तिने माझी मान न उचलता तोंडात दोन चमचे पाणी सोडलं. ते पाणी नाकातून आलं, डोळ्यांतून आलं, कानांतून आलं असं मी गल्लीत सांगतो आणि अजून कुणी खोटं ठरवलेलं नाही. मी खोकत असतानाच तिने दंडाला धरून मला वर ओढलं. खांदा उतरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन आला. मग एक शब्द न बोलता, पाठीमागून, तिने मला कुशीवर ढकललं. खाट साडेतीन फूट रुंद होती, पण त्या क्षणी मला खाली जमीन आहे याची खात्री राहिली नाही. मी कठडा धरायला हात टाकला आणि कठडा नव्हता.

"भ्याला?" तिने विचारलं.

"भ्यालो की!"

"तुझा बाप दिवसातनं दहादा असाच भितो. आन् त्याला वरडता येत नाय. ऊठ आता. शिकवते."

शेजारच्या खुर्चीत उशांच्या आधाराने बसवलेले दादा हे सगळं बघत होते. लकव्यानंतर त्यांचा चेहरा उजवीकडून उतरला होता. पण डाव्या बाजूने ते हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

दादा म्हणजे माझे वडील. भाजी मार्केटात आयुष्यभर तोलाई केलेला माणूस. कांद्याची भरली गोणी ते अशी उचलत की गोणीलाच संकोच वाटावा. एका सकाळी चहाची बशी हातातून पडली, पाठोपाठ शब्द पडले, आणि उजवं अंग त्यांचं राहिलं नाही. दवाखान्यातून सोडताना तिथल्या सिस्टरने मला दोन मिनिटांत सगळं सांगितलं. ठसका लागू देऊ नका, पाठीला जखम होऊ देऊ नका, पडू देऊ नका. म्हणजे काय होऊ द्यायचं नाही ते कळलं; कसं होऊ द्यायचं नाही, तेवढंच राहिलं. घरी आणल्यावर माझे हात इतके थरथरत होते की दह्याचं पातेलं धरलं असतं तर ताक झालं असतं. पहिले चार दिवस सुनंदा, माझी बायको, शाळेत शिकवायला जाण्याआधी आणि आल्यानंतर सगळं करायची. मधल्या वेळात मी दाराच्या चौकटीत उभा राहून दादांचा श्वास मोजायचो. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. माझ्या हाताखाली माझा बाप मरेल, एवढीच एक भीती होती. पण ती घरात मावत नव्हती.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नंबर दिला. "बाई सायखेड्याची आहे. कडक आहे. पण आजवर तिच्या पेशंटच्या पाठीला एक जखम नाही," तो म्हणाला. फौजदारीण हे नाव गल्लीने ठेवलं, तेही पहिल्याच दुपारी. तिने आमच्या घरातल्या वस्तूंना तडीपार केलं. दारातलं पायपुसणं, हॉलमधला घसरणारा गालिचा, पाय आडवे पसरून बसलेला टीपॉय, दादांच्या झिजलेल्या सपाता, एक डुगडुगतं स्टूल. सगळे आरोपी जिन्याखाली ओळीने उभे. मोरीच्या भिंतीला तिने दुसऱ्याच दिवशी लोखंडी दांडा ठोकून घेतला आणि त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. "माणूस आजारानं कमी आन् पायपुसण्यानं जास्त जातो," हे तिचं पहिलं वचन. मी म्हणालो, "मावशी, दादा तर चालतच नाहीत अजून." ती म्हणाली, "तू चालतो ना? त्यान्ला धरून? मंग तू आपटला का दोघं जाता."

तिची एक अट होती. तीन महिने. त्यापुढे ती कुठल्याच घरी थांबत नसे. "त्यापुढं मी ऱ्हायले का घरची माणसं हात बांधून बसत्यात. मंग मी सुट्टीवर गेले का पेशंट जातो. लय पाहिलंय." आजारी माणसाला सांभाळायला नव्हे, सांभाळणाऱ्याला तयार करायला ती येत असे. हे ऐकून मला दादांच्या लकव्याइतकीच त्या तीन महिन्यांची धडकी भरली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून त्या तिसऱ्या महिन्याचं पान एका सकाळी हळूच फाडून ठेवलं. तिने संध्याकाळी ते चिकटवून दिलं.

हात लावण्याआधी बोलायचं, हा तिच्याकडचा पहिला धडा. समोरून यायचं, हाक मारायची, काय करणार ते सांगायचं, मग हात. "दादा, आता कुशीवर वळवतो हं, भिंतीकडं." त्यांनी डोळे मिटून होकार दिला की मगच. मला वाटायचं, बापाला कुशीवर वळवायला परवानगी कसली? ती म्हणायची, "गोणीला इचारत नाय आपण. माणसाला इचारतो. एवढाच तं फरक." आयुष्यभर गोण्या उचललेल्या दादांनी ते ऐकून तिच्याकडे असं पाहिलं, की मी एवढ्या लग्नांत बोललो पण असा ऐकणारा चेहरा मला मिळाला नाही.

त्यांना उठवून उभं करायचं म्हणजे माझा जीव जायचा. दंड ओढायचा नाही. कमरेला रुंद सुती पट्टा, त्यात माझे हात, त्यांचे पाय जमिनीवर पक्के, माझा गुडघा त्यांच्या अधू गुडघ्याला आधार देत पुढून टेकलेला. सगळं बरोबर जमायचं, पण कधी उचलायचं हे दोघांनाही कळायचं नाही. मी ओढायचो तेव्हा ते सैल, ते रेटायचे तेव्हा मी सैल. एकदा दोघेही खाटेवर बदकन बसलो आणि खाटेने अशी किंचाळी मारली की वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. फौजदारिणीने दादांना सावरून ताठ बसवलं. मग दादांसमोर उकिडवी बसून म्हणाली, "दादा, मार्केटात माप कसं मोजायचे वो?"

दादांना तोवर "हं"च्या पुढे काही बोलता येत नव्हतं. ओठ हलले. आणि कुठल्या तरी खोल कोठारातून सूर आला, "लाभ... दोन... तीन..."

तोलाईवाले पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वाक्यं गेली होती, आमची नावं गेली होती, माप राहिलं होतं. सुनंदा दारात होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. फौजदारीण मात्र कामाचं बोलली: "झालं तं मंग. मोजणार त्ये. तिनाला उठायचं. हुकूम त्यांचा, हमाल तू." त्या दिवसापासून दादा स्वतःच्या हुकमाने उठू लागले.

दर दोन तासांनी कूस बदलायची. रोज आंघोळ घालताना टाचा, माकडहाड, खुबे, खांद्याची पाती चांगल्या उजेडात बघायची. चष्मा लावून ती दादांची पाठ अशी वाची, जशी सुनंदा दहावीचे पेपर तपासते. एकदा माकडहाडावर रुपयाएवढा लाल ठिपका दिसला. मी तेलाची बाटली घेऊन धावलो. तिने माझ्या हातावर फटका मारला. "चोळायचं नाय! लाल झालं का त्या अंगावर झोपवायचं नाय, बास. चोळून चोळून लोकांनी भोकं पाडल्याली मी पाह्यलीत." दोन दिवस तो ठिपका आमच्या घरात राज्य करत होता. चहा पिताना तोच विषय, जेवताना तोच विषय. तिसऱ्या दिवशी तो गेला, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटणार होतो. सुनंदाने पिशवी काढून घेतली.

आणि खाणं. त्यात तर ती फौजदाराची थेट जज्ज होई. पडून काही म्हणजे काही द्यायचं नाही. ताठ बसवायचं, पाय टेकलेले, हनुवटी जराशी खाली. छोटा चमचा. पहिला घास गिळला का, ते गळ्याकडे बघून ठरवायचं. गालात दडवलाय का, ते तोंड उघडून. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. दवाखान्यातल्यांनी पातळ पाणी देऊ नका, घट्ट करून द्या, असं सांगितलं होतं. तिच्या भाषेत ते असं: "पाणी लबाड, पेज इमानदार. पाणी कुठं घुसंल त्याचा भरवसा नाय." आमच्या पंचवटीत आजाऱ्याला बघायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, बिस्किटं, शहाळं, आणि रामकुंडाचं तीर्थ. ती असताना कुणाची बिशाद नव्हती. "तीर्थ डोळ्याला लावा, कपाळाला लावा. देवाला तेवढं पुरतं," म्हणून ती पळी काढूनच घेई.

"मावशी, मला फार भीती वाटते," असं मी एकदा सुनंदा घरात नसताना तिला सांगून टाकलं. मला वाटलं, ती खेकसेल. ती कपडे वाळत घालत होती, थांबली.

"वाटायलाच पायजे. न भिणारा माणूस पाडतो." मग टॉवेल झटकत म्हणाली, "मी नाय भ्याले. तरणी होते, अंगात रग होती. सासूला एका हातानं उठवायचे. एक दिवस न्हाणीत सटकली माझ्या हातातून. खुबा मोडला. तीन आठवडे काढले तिनं. मला एक शब्द बोलली नाय. बोलली असती तं बरं झालं असतं." तिने टॉवेलला चिमटा लावला. "तू भी. पण पाठीमागं उभं ऱ्हाऊन भी. पुढं आला का त्यान्ला तोंड हसरं दिसलं पायजे. तुझ्या तोंडावरनंच त्ये आपली तब्येत वाचत्यात."

तिची नजर आमच्यावरही असे. सुनंदाचे डोळे खोल गेलेले दिसले, तशी एका रविवारी तिला बहिणीकडे हाकलून दिलं. "दोघं झिजले तं तिसरा कुठनं आणायचा?" मला तिने दुपारी झोपायची सक्ती केली. झोप येत नाही म्हणालो तर म्हणाली, "मंग डोळे मिटून पड. मी तुझाबी श्वास मोजते." खरोखर मोजत बसली, आणि मी घोरायला लागल्यावर दादांना म्हणाली म्हणे, "ह्याला कायबी झालेलं नाय."

तिसरा महिना सरत आला तशी मी युक्ती काढली. जे जमत होतं ते बिघडवायला लागलो. पट्टा उलटा बांधायचो. गोळ्यांच्या डबीत सकाळच्या गोळ्या संध्याकाळच्या खणात ठेवून तिच्याकडे केविलवाणं बघायचो. उशी पोटरीऐवजी गुडघ्याखाली सरकवायचो. मला वाटलं, ही म्हणेल, पोरगं कच्चं आहे, अजून तीन महिने थांबते. दोन दिवस तिने पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी दादांना बसवताना मुद्दाम "जमत नाही हो मावशी" केलं. ती चहा पीत होती, तिने कप खाली ठेवला नाही.

"येड पांघरून पेडगावला निघाला का? जमत नसतं तं हात असा धरला नसता. बघ, पाठीमागं कसा आपोआप गेलाय."

मी बघितलं. हात पट्ट्यात बरोबर होता. मेला, फितूर झाला होता.

ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी तिने दादांसमोर बसून सांगितलं, "दादा, उद्यापासनं हा. चुकला का डोळे वटारायचे." दादांनी डावा हात उचलून तिला नमस्कार केला. तिने तो हात खाली घेतला आणि नखं वाढलीत म्हणून मला रागावली. जिना उतरताना एकदाही वळून पाहिलं नाही. मी गॅलरीतून पाहत होतो. रिक्षा वळणावर गेल्यावर मला असं वाटलं, की घराची एक भिंतच उठून सायखेड्याला चालली आहे.

पहिले अकरा दिवस मी देवाला, डॉक्टरला आणि मोबाइलच्या गजराला एकसारखा भीत काढले. बाराव्या दिवशी आत्या आली. दादांची धाकटी बहीण, सत्तरीची, देवभोळी. हातात रामकुंडाच्या तीर्थाचा गडू. सुनंदा शाळेत. दादा दुपारचे आडवे झालेले. मी म्हणालो, "आत्या, बस, चहा टाकतो." आत गेलो, गॅस पेटवला, आणि मागून तो आवाज आला.

तो आवाज कसा होता ते सांगण्यात मी अतिशयोक्ती करणार नाही. पत्रा घासल्यासारखा, अर्धवट.

आत्याने भावाच्या तोंडात पळीभर तीर्थ घातलं होतं. झोपलेल्या माणसाच्या. आमच्याकडे तसंच घालतात. तिच्या आईला तिने तसंच घातलं होतं, वडिलांना तसंच. दादांचे डोळे बाहेर आले होते, ओठ निळसर पडत होते, आणि आत्या घाबरून दुसरी पळी भरत होती. "पाणी पाज रे, पाणी पाज, ठसका थांबेल!"

मी तिच्या हातातला गडू काढून घेतला. "दादा, बसवतो, बसवतो हं," असं कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं. खांद्यामागे हात, कुशीवरून वर, पाय खाली, अंग पुढे झुकवलं. ते खोकत होते. खोकू दिलं. खोकला आहे तोवर वाट आहे, वरून पाणी नको, हे मला पाठ होतं. मग खोकला थांबला. आवाजच थांबला. तोंड उघडं, आणि आत-बाहेर काही नाही. लग्नात हजार माणसांसमोर उभा राहणारा मी, त्या शांततेत पार विरघळलो. पुढे झुकलेल्या त्यांच्या पाठीवर, दोन पात्यांच्या मधोमध, तळहाताच्या टाचेने एक दणका दिला. दुसरा. तिसरा. चौथ्याला पाणी, लाळ आणि दुपारच्या जेवणातला गालात राहिलेला भाताचा गोळा असं सगळं माझ्या पायावर पडलं, आणि दादांनी श्वास आत ओढला. सायकलच्या पंपासारखा वाजला तो. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं सुरेल काही ऐकलेलं नाही.

गालातला तो गोळा माझी चूक होती. दुपारी तोंड उघडून बघायचं मी विसरलो होतो. आत्याला मी तेव्हा काही बोललो नाही, त्याचं कारण हेच, सज्जनपणा नव्हे.

डॉक्टर घरी आले, छाती तपासली, पाच दिवसांचं औषध दिलं, ताप आला तर लगेच दवाखान्यात आणा म्हणाले. ताप आला नाही. आत्या कोपऱ्यात बसून रडत होती, "मी भावाला मारलं असतं, मी आता ह्या घरात पाय ठेवायची नाही." तिला मी दुसऱ्या दिवशी फोन करून बोलावून घेतलं. दादांना ताठ बसवलं, तिच्या हातात पेजेची वाटी आणि छोटा चमचा दिला. तिने चमचा भरून पुढे केला. दादांनी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

त्या संध्याकाळी मी फौजदारिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझी चूक धरून. तिने ते सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आता बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

"मंग आता मला फोन करायचा नाय."

"का हो मावशी?"

"अरे, माझ्या जिवावर ऱ्हायला तं हात थांबतो तुझा. नंबर पुसून टाक."

"नाही पुसणार."

"मंग मी उचलणार नाय. पयलेच सांगते."

आणि बाईने शब्द पाळला. दिवाळीला लावला, नाही. संक्रांतीला लावला, नाही. मेडिकलवाला सांगतो, ठणठणीत आहे, नाशिकरोडला एका म्हातारीकडे आहे, तिथल्या मुलाला पहिल्या दिवशी खाटेवर झोपवलं म्हणे, तो अजून खांदा धरून फिरतो. माझा फोन तेवढा उचलत नाही. एवढी निष्ठुर बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझ्या घरी तीन महिने होती, हे मी येईल-जाईल त्याला ऐकवतो.

परवा सकाळी दादा उठले ते धाप लागल्यासारखे. कपाळ कोमट. चेहरा उतरलेला. सुनंदा निघून गेलेली. मी डॉक्टरांना फोन केला, ते निघाले म्हणाले. मग न राहवून फौजदारिणीचा नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि मोबाइल खाटेच्या कडेला ठेवला. रिंग जात होती. मी दादांना हाक मारली, सांगितलं, वळवलं, पाय खाली घेतले, पाठीला उशा लावल्या. रिंग जात होती. तोंड उघडून गाल बघितला, थर्मामीटर काखेत लावलं, खिडकी उघडली. दादा मोबाइलकडे बघत होते, मी दादांकडे.

रिंग वाजून वाजून बंद पडली, तेव्हा दादा ताठ बसलेले होते.